करडईच्या दोन बाटल्या आणि पाटोद्याची एसटी

पाटोद्याला हौसेने फिरायला कुणी जात नाही. मी गेले, कारण माझं डोकं चालेनासं झालं होतं. प्रयोगशाळेत मी पेशीच्या पटलाची नक्कल बनवते. त्यात सरळ शेपट्यांचे मेद दाटीने बसून बेटं करतात. असंतृप्त मेदांच्या शेपट्या वाकड्या, त्यांना ती दाटी जमत नाही. करडईच्या तेलात असे वाकडे मेद भरपूर, म्हणून ते तेल नकलेत मिसळलं. मावशीने पाठवलेल्या तेलाने बेटं वाढली. ते संपल्यावर तिच्याच गावच्या, पाटोद्याच्या सहकारी घाण्यावरून, त्याच हंगामाचं तेल मागवलं, तर बेटं विरली. सर म्हणाले, "प्रबंधात हे प्रकरण ठेवायचं की काढायचं, सोमवारी सांग."

सकाळची एसटी, नगरला मिसळ, जामखेडला गाडी बदल. पाणी सोबत न्या. गावात टँकर दिवसाआड येतो, मागायला लाज वाटते.

घाण्यावर तो चालवणारे रफीकचाचा भेटले. "दोन्ही बाटल्या एकाच घाण्याच्या, बेटा. मिलावट न्हाई. सगळ्या सभासदांना तोंड दाखवायचं हाय." मग फरक कशाचा? मी आले होते त्याहून जास्त गोंधळले.

मावशीकडे पिठलं-भाकरी झाली. हात धुवायला बाहेर आले, तर पत्र्यावर तेलाच्या काचेच्या बाटल्या रांगेत.

"गाळ बसाय ठिवल्यात, गावात समदीच ठिवत्यात. ऊन दिलं की तेल निवळतंय. तूच फोनवर म्हनली व्हतीस ना, गाळ नको म्हनून? तुझी तर म्हैनाभर ठिवली."

म्हणजे मावशीचं तेल उन्हातलं, घाण्यावरून मागवलेलं बिनउन्हाचं. उन्हाने असंतृप्त मेद बदलतात, हे मी परीक्षेत लिहिलंय. मावशीला वाकड्या शेपट्या समजावल्या. तिने दहा हंगाम ऊस तोडलाय. म्हणाली, "वाकडा ऊस मोळीत बसत न्हाई, तसंच की. पर उन्हानं तो सरळ व्हतो का?"

निघताना ऊन न दिलेली बाटली मागून घेतली.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. चूक माझीच, वर्ष वाया गेलं, वाईट वाटलं. नव्याने करते म्हटलं. "कोणत्या तेलाने?" त्यांनी विचारलं. तिकडे घरोघर पोटात जातं ते उन्हातलंच. "उद्या सांगते," मी म्हणाले.

घरी आले. मावशीकडून आणलेली ती ऊन न दिलेली बाटली आईने गाळ बसायला खिडकीत, उन्हात ठेवली होती.