अर्धा अर्धा डोस

माझी आत्तेबहीण अंजना धनगराची पोर, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत जंतांवर संशोधन करायची. मेंढरं सोडली आणि जंत धरले, असं मी तिला चिडवायचो. २००६च्या दिवाळीत मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा मी शेजारीच होतो, कारण सुट्टीला घरी आलेली ती ईमेल बघायला दौंड स्टेशनसमोरच्या माझ्या सायबर कॅफेत बसली होती.

तिचे वडील, मल्हारीमामा, यांच्या नऊ मेंढ्या जंतांचं औषध पाजूनही गेल्या होत्या. मेलेल्या मेंढीच्या पोटातले जंत अंजनाने पुण्याला नेले होते. त्यांच्या एका जनुकाची अक्षरं त्या दिवशी ईमेलने आली. या औषधाने मरणाऱ्या, मातीतल्या एका बारीक जंताची सगळी जनुकं शास्त्रज्ञांनी इंटरनेटवर मांडून ठेवली आहेत. ती वर, आपल्या मेंढीच्या जंताची खाली, अशी अंजना ताडून बघत होती. एका जागी तिचं बोट थांबलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मग तिनेच समजावलं.

तिथं एक अक्षर बदललं होतं. असा जंत त्या औषधाने मरत नाही. औषध कमी पडलं की दुबळे जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. मामांकडे बाटली कायम अपुरी. पंगतीतून कुणी उपाशी उठू नये, तसं प्रत्येक मेंढीला अर्धं अर्धं पाजायचं. दहाव्या वर्षापासून ते काम अंजनाचं.

"मीच पोसले रे हे जंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोकणात उतरायला दुसरे एक धनगर, बन्सीआप्पा, यांचा कळप मामांच्या कळपात मिसळणार होता. एकाच्या लेंडीतले जंत चरताना दुसऱ्याच्या पोटात जातात. मी लगेच मोटारसायकल काढली. मामांचा तळ यवतच्या माळावर होता. भीती मलाही वाटत होती. मामा तापट, आणि चारचौघांत त्यांना त्यांची चूक सांगायची होती.

माळावर बन्सीआप्पा कळप घेऊन आलेलेच होते. अंजनाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "आबा, दोघांची मेंढरं एकत्र करू नका. आपल्या जंतांना औषध मारत न्हाई."

मामा चिडले नाहीत. त्यांनी बन्सीआप्पांकडे बघितलं.

"आपला एडका तीन वरसं बन्सीच्या मेंढ्यांवर जातोय, पोरी. त्याच्या आधी ज्ञानूच्या कळपात व्हता."

बन्सीआप्पांनी हळूच विचारलं, "म्हंजी परवा मी पाजलेलं औषध वाया?"

अंजना तपासायला लेंड्या वेचायला त्यांच्या कळपाकडे निघाली.