तंजोंग म्हणजे बकुळ

दीनानाथ केसकरांची एकतीस वर्षं सोलापुरात, उद्यान खात्यात गेली. म्हातारपणी एकट्याने किती दिवस काढायचे, म्हणून त्यांच्या मुलीने, नीताने, २०१३ साली त्यांना सिंगापूरला, यिशुनच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. सहाव्या मजल्यावरून पाहावं तिकडे हिरवंगार. भिंतीच्या फटीतसुद्धा काहीतरी उगवलेलं. पहिले काही दिवस ते खिडकीशी नुसते बसून राहिले. नीताला वाटलं, बाबांना करमत नाही. विचारलं तर म्हणाले, "अगं, इथे झाडं आपली आपण वाढतात. आम्ही एकेका रोपामागे किती धावलो."

मग नातीला, अवनीला, त्यांनी बहात्तर सालची गोष्ट सांगितली. माळावरून जाणाऱ्या रस्त्याला झाडं लावायचं काम त्यांच्याकडे आलं. नोकरी नवी, हौस दांडगी. त्यांनी गुलमोहर निवडला, दोनशे रोपं. पुढच्या मे महिन्यात त्यातली अकरा उरली. मग त्यांनी कडुनिंब लावला आणि सगळा उन्हाळा खाजाभाईंच्या टँकरवर बसून स्वतः पाणी घालत फिरले. भर उन्हात खाजाभाई म्हणायचे, "केसकर, आधी झाडाला, मग आपल्याला." ती झाडं जगली.

नोव्हेंबरात बिल्डिंगखालच्या बागेत एक झाड लावायचं ठरलं. बाग सांभाळायचे अंकल ओंग, निवृत्त बस ड्रायव्हर, सत्तरीचे. तीन रोपांतून एक निवडायचं होतं आणि बहुतेकांना गुलाबी फुलांचं हवं होतं. अवनीबरोबर खाली आलेल्या दीनानाथांनी कोपऱ्यातल्या गर्द पानांच्या रोपाला हात लावला. ती बकुळ होती.

"तंजोंग?" ओंगनी मान हलवली आणि इंग्रजीत भराभर काहीतरी बोलले.

"आजोबा, ते म्हणतात इट्स टू स्लो, ला. फार हळू वाढतं," अवनी म्हणाली.

दीनानाथांनी एक काठी जमिनीत खुपसली. वीतभर काळी माती, मग ठण्ण. खाली बांधकामाचा भराव होता. "त्यांना सांग, इथे चिवट मुळाचंच झाड टिकेल. नाहीतर पहिल्या वादळात आडवं होईल."

ओंगनी काठी घेऊन स्वतः दोन ठिकाणी खुपसून पाहिली आणि बकुळीला होकार दिला. मात्र खड्डा त्यांनी गुडघाभरच खणला. एवढा पुरणार नाही म्हणत दीनानाथ स्वतः फावडं घेऊन उतरले. दोघा म्हाताऱ्यांनी आळीपाळीने खणत अख्खी सकाळ घालवली.

फेब्रुवारीत पाऊस गेला तो गेलाच. हिरवळ पिवळी पडली. बिल्डिंगमधली माणसं संध्याकाळी बाटलीभर पाणी बुंध्याशी ओतून जायची, तरी बकुळीची पानं मलूल होत चालली. दीनानाथांच्या अंगात मात्र जुना जोम आला. "बाटलीभर पाण्याने मुळं वर येतात. पाणी खाली हवं," ते म्हणाले. लिटल इंडियात पोंगलची मातीची मडकी उरली होती. नीताने दोन आणली. त्यांनी तळाला भोकं पाडली, चिंधीच्या वाती घातल्या आणि मडकी बुंध्याशी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरली.

ओंग घाबरले. "साठलेलं पाणी? डास तपासणारे इन्स्पेक्टर येतील, दंड होईल."

दीनानाथांनी तोंडावर कापड ताणून बांधलं आणि वर ताटली उलटी घातली. ओंगनी बोटाने कापड दाबून पाहिलं, मग वाळलेला पाला आणून बुंध्याभोवती पसरला. मार्चच्या मध्यावर पाऊस आला तेव्हा बकुळीला नवी पानं फुटलेली होती. त्या दिवसापासून ओंग रोज सकाळी दोघांसाठी कॉफी घेऊन येऊ लागले.

२०१७ साली दीनानाथ पुतण्याच्या लग्नासाठी सोलापूरला गेले. रस्ता रुंद झाला होता. त्यांच्या निंबांपैकी वळणावरचे चार उरले होते. परत आल्यावर दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओंगच दाराशी आले. दीनानाथांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सगळं सांगितलं.

ओंगनी ऐकून घेतलं आणि त्यांना बसने दोन स्टॉप पुढे नेलं. एका बहुमजली पार्किंगसमोर ते थांबले. "इथे आमचं गाव होतं. बापाची सात रांबुतानची झाडं, त्या खांबापासून इथपर्यंत."

दीनानाथ त्या खांबापर्यंत चालत जाऊन परत आले. मग त्यांनी विचारलं, "फळं गोड होती?"

"आंबट. फार आंबट," ओंग म्हणाले, आणि दोघेही हसले.

पुढच्या वर्षी बकुळीला पहिली फुलं आली. सकाळी झाडाखाली सडा नव्हता, दहा-बारा फुलंच होती. ओंग निराश होऊन म्हणाले, "एवढीशी?" दीनानाथांनी एक उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि हात नाकापाशी न्यायची खूण केली.