अण्णांनी दाखवलेली जागा

मंडळी, आत्ताच सांगलीच्या दवाखान्यातून आले. आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, पण आतडं अजून हललेलं नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "वारा सरला का?" नाही सरला. तोवर पाण्याचा घोटही नाही.

आज डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या बाजूला सुया टोचल्या आणि त्यातून बारीक करंट सोडला. म्हणाले, पायाच्या नसेतून इशारा मेंदूकडे जातो, तिथून पोटाच्या नसेला. त्यानं थांबलेलं आतडं चालू होऊ शकतं, पण खात्री नाही.

आई त्या सुयांकडे बघतच राहिली. डॉक्टरांना म्हणाली, "आवं, ह्यांनी हितंच दावलं व्हतं."

माझे वडील, अण्णा, बासष्टच्या लढाईत चीनच्या कैदेत होते. तिथं पोट बंद पडलं, तेव्हा अशाच सुयांना तारा जोडून बरं केलं, असं सांगायचे. पारावर लोक त्यांना 'चिनी बॅटरी' म्हणून चिडवायचे. मग त्यांनी सांगणंच सोडलं. तसेच गेले.

आई मला म्हणाली, "माजा वारा सरंल, न्हाईतर न्हाई. गावात सांग, तुजं अण्णा खोटं बोलत नव्हतं."

गावचे बरेच जण ह्या ग्रुपवर आहात. तुमच्यातलं कोण कोण हसलं होतं?