स्नेहलच्या कोडमधल्या लाल रेघा

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण नोएडाच्या माझ्या ऑफिसात कुणाला बोलू नका. कळलं तर तिथे तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

झालं काय, आमच्या मराठी मंडळातल्या कांबळेकाकूंनी त्यांच्या भाचीचा अर्ज माझ्या हाती दिला. परभणीची स्नेहल. वर्षभर दिल्लीत नोकरी शोधत होती, ही मिळाली नाही तर गावी परत. आता मुलाखत घेणार मी आणि आमचे बॉस चड्ढासाहेब. साहेबांना वाटायला नको, हा आपल्या माणसाला घुसवतोय! म्हणून मी ठरवलं, तिच्याशी मराठीचा एक शब्द बोलायचा नाही.

मी पंधरा वर्षं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम केलेला माणूस. तिची परीक्षा पायथन या दुसऱ्या भाषेत. त्यात काय एवढं? कोड लिहायच्या एडिटरमध्ये पायथनचं एक्स्टेन्शन टाकलं, नवी फाइल उघडली, मेलमधून तिचा कोड आणून चिकटवला. आणि अख्खा स्क्रीन लाल! ओळीओळीखाली लाल रेघ, म्हणजे ओळीओळीत चूक. चालवून बघायचीही तसदी घेतली नाही मी.

मुलाखतीत तो लाल स्क्रीन तिच्याकडे वळवून हिंदीतून तिची अशी हजेरी घेतली म्हणता, बेसिक्स कच्चे, लापरवाही, वगैरे वगैरे. साहेब बिचारे म्हणाले, "जाने दो यार, फ्रेशर है." पण मी कसला ऐकतोय? माझ्या अंगात निःपक्षपातीपणा संचारला होता ना. पोरीचा चेहरा पार उतरला.

मग ती जरा पुढे वाकली आणि साहेबांना कळू नये म्हणून हळूच मराठीत म्हणाली, "सर, खाली कोपऱ्यात बघा. तिथे अजून जावाच निवडलेलं आहे."

बघितलं. होतं. एडिटर इतका वेळ तिचं पायथन जावाच्या नियमांनी तपासत होता. पायथन निवडलं, तर एकूण एक रेघ गायब. कोड चालवला, पहिल्या फटक्यात चालला.

"क्या कहा इसने?" साहेबांनी तिच्या अर्जातून मान वर करून विचारलं.

खरं सांगायचं होतं हो मला. पण तोंडातून निघालं, "कुछ नहीं सर, पानी माँग रही है."

साहेब भला माणूस. स्वतः उठून पाणी घेऊन आले. येऊन बघतात तर स्क्रीन स्वच्छ. "अरे, ठीक किसने किया?"

"सर ने," स्नेहल म्हणाली.

साहेबांनी तिला तिथल्या तिथे ठेवून घेतलं आणि माझी पाठ थोपटली, बच्चों को कितना सपोर्ट करते हो म्हणून. मला तर टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं. आणि समोर ती पोरगी, तहान नसताना, तो काठोकाठ भरलेला ग्लास माझ्याकडे बघत बघत शेवटच्या थेंबापर्यंत पीत होती.