अण्णांनी पारखलेले गज

मी जर्मनीला निघाले तेव्हा वडीगोद्रीच्या फाट्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातात गजाचा तुटका तुकडा ठेवला. त्यांची हयात जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये गेली. गज तोडायचा, तुटलेलं तोंड उन्हात धरायचं आणि माल कसा ते सांगायचं, ही त्यांची विद्या. "लोखंड कुठून तुटलं ते बघत जा, पोरी. तिथंच सगळं लिव्हलेलं असतंय." आई करवादली, "अहो, धपाटे द्या तिला, लोखंड काय देऊन राह्यले!"

आज जर्मनीतल्या लॅबमध्ये मी तेच बघते, फक्त मायक्रोस्कोपखाली. पोलाद सलग दिसतं, पण असतं दाण्याला दाणा चिकटलेलं. फॉस्फरसचे परके अणू दाण्यात नीट मावत नाहीत. सरकत सरकत दोन दाण्यांच्या जोडावर गोळा होतात आणि जोड कच्चा करतात. बोरॉनही तिथंच जमतो, पण तो जोड धरून ठेवतो. गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघालेल्यांनो, बाहेर पडलेली माणसं यातली कोण, जोड कच्चा करणारी की धरून ठेवणारी, देव जाणे! मला तर धास्तीच वाटते.

त्यात भावाचा, दिनकरचा फोन आला. गावच्या नव्या घराचा स्लॅब दुसऱ्या दिवशी टाकायचा होता आणि वाकवताना एक गज काडकन मोडला. त्यानं फोटो पाठवला. तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं चमकत होतं; ठिसूळ लोखंडाची ती खूण. फोटोवरून खात्रीनं काही सांगता येत नाही, पण त्या छताखाली आई-अण्णा झोपणार होते. अन् गज अण्णांनी स्वतः पारखून आणलेले!

"माल बिलकुल बराबर हाय," अण्णा फोनवर ठामपणे म्हणाले. पाहुण्यांना सांगावे गेले होते, नारळ आणून ठेवला होता. मी कशीबशी बोलले, "अण्णा, स्लॅब थांबवा. आधी गज तपासून घ्या." वाटलं, झालं, मीच घराचा जोड तोडला. रडूच आलं मला.

मग अण्णा हळूच म्हणाले, "मला आजकाल गजाचं तोंड धुरकट दिसतंय, पोरी. कुणाला बोललो न्हाई."

तपासणीत गज नापास झाले. आता नवे आलेत, पण अण्णा स्लॅब टाकू देईनात. दिनकरला सांगतात, "ती येऊन एक तोडून बघंल, मंग टाकू." मी तिकीट काढलंय. तोवर माझं घर म्हणजे आठ उघडे कॉलम आणि बाजूला रचून ठेवलेले गज. पावसाच्या आत पोचेन ना मी?