डंक विकणे आहे

माझी आत्ती दानम्मा हिनं कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेत एकवीस वर्षं लोकांची चटणी कुटली. आमच्याकडं कांडप मशीनला डंक म्हणतात. दोन जाड लोखंडी मुसळं, खाली उखळ आणि पट्ट्यावर फिरवणारी पाच हॉर्सपॉवरची मोटर. उन्हाळ्याची चाहूल लागली की बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन दारात रांग लावायच्या, आणि आत्ती नाकाला पदर बांधून दिवसभर मिरचीच्या त्या झोंबऱ्या खाटात उभी राहायची. नवरा गेल्यावर त्या एका मशीनवर तिनं घर चालवलं, माझं कॉलेजही केलं. दोन हजार नऊच्या जानेवारीत डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि सांगितलं, हा हंगाम केलात तर पुढचा बघायला मिळायचा नाही.

तिच्याकडं दुसरं काहीच नव्हतं. जमीन नाही, पेन्शन नाही. डंकाचे पंचेचाळीस हजार आले तर पुढच्या खोलीत वह्या-पेनांचं दुकान टाकायचं, एवढा एकच बेत होता. डंक गेला आणि पैसे आले नाहीत, तर आत्तीच्या चुलीवर काही चढणार नव्हतं.

मी तेव्हा मिरजकर तिकटीजवळच्या एका नेट कॅफेत कामाला होते. दिवसभर लोकांना ईमेल उघडून द्यायची, त्यामुळं आपल्याला जगातलं सगळं कळतं असं वाटायचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात टाकली. तीत काय काय लिहिलं ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो. ‘विधवा बाईंचे मशीन. तातडीने विकणे.’ खाली आत्तीचा मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता, गल्लीच्या खुणेसकट. लोकांना दया येईल आणि गिऱ्हाईक लवकर मिळेल, हा माझा हिशेब.

चौथ्या दिवशी फोन आला. नाव हंबीरराव, गाव मलकापूर. तिकडं बाजारपेठेत डंक टाकायचा आहे म्हणाला. फोटो बघूनच पसंत, किंमत मान्य. आत्ती खूश झाली. मीही झाले. कोल्हापुरात भाव केल्याशिवाय कुणी मेथीची पेंडी उचलत नाही, हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. त्यानं आत्तीच्या बँक खात्याचा नंबर घेतला आणि शनिवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

शनिवारी दुपारी मी जेवायला घरी गेले तर दारात टेम्पो उभा. उंबऱ्यापासून टेम्पोच्या हौद्यापर्यंत सागवानी फळी टाकलेली. मोटर आधीच वर चढली होती. दोन हमाल डंकाच्या बैठकीचे नट सोडत होते. टेम्पोवाला गुंडू आमच्याच पेठेतला, तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. आणि आत, पाटावर, पन्नाशीचा एक गृहस्थ झुणका-भाकरी खात होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. आत्ती पुढं बसून वाढत होती.

“ये पवी. पैसं भरलं की पावण्यांनी,” ती म्हणाली आणि कोनाड्यातला कागद माझ्या हातात दिला.

तिच्या बँकेच्या स्लिपचा अर्धा तुकडा होता. पंचेचाळीस हजार, खाली गोल निळा शिक्का, आजची तारीख. आत्तीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, शिक्का कळत होता. आमच्या माणसांचा शिक्क्यावर फार जीव. मी वरची ओळ वाचली. रोख नव्हे, चेक. बँकेनं चेक घेतला, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. तो वटेल की नाही ते कळायला तीन-चार दिवस लागणार, आणि शनिवारची बँक बाराला बंद झाली होती.

त्याच्यासमोर बोलायचं कसं? आमच्या घरात एक रीत आहे, आत्तीच्या सासूपासूनची. घरात जेवलेल्या माणसावर संशय घ्यायचा नाही. उंबऱ्याबाहेर काय विचारायचं ते विचार, ताट वाढलं की संपलं. आणि आत्तीनं आधी ताट वाढलं होतं.

आम्ही सीमेकडचे लिंगायत, घरात कन्नड बोलतो. मी भाकरी वाढायच्या निमित्तानं वाकले आणि सहज स्वरात म्हणाले, “रोक्क बंदिल्ल आत्ती, बरे चेक.” पैसे आले नाहीत, नुसता चेक आहे.

आत्तीच्या आधी त्याचा हात थांबला. घास तोंडाजवळ आणून त्यानं खाली ठेवला. मग भराभर हात धुतले आणि बाहेर हमालांवर ओरडला, “आटपा की लवकर, पाऊण तास झाला.”

आत्तीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मलकापूर रत्नागिरीच्या रस्त्याला. तिकडच्या माणसाला कन्नड कुठलं कळायला? तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ती बोलली मात्र नेहमीच्याच आवाजात.

“पावणं, आज शनवार हाय. लोखंड सोमवारी न्या.”

“आमी असलं काय मानत न्हाय, मावशी.”

“व्हय? डंक टाकणारा माणूस शनवारी लोखंड घरात न्हेत न्हाय. गिऱ्हाईक फिरकत न्हाय मग.”

“चेक दिलाय मी. माल माझा हाय. अडवलंसा तर पोलिसात जाईन.”

हमालांनी डंक पहारीवर उचलला. मोटर गेली होती, आता मशीनही उंबऱ्याला लागलं. मी कुणाला हाक मारावी, काय करावं, मला सुचेना. आत्ती उठली, बाहेर गेली आणि फळीच्या मधोमध बसली. सव्वाचार फुटांची बाई, खोकत होती, पाय लोंबकळत होते.

“न्या डंक मलकापूरला, माझ्या अंगावरनं न्या,” ती म्हणाली.

तो तिच्या अंगावर धावून गेला. दंडाला धरून त्यानं तिला ओढलं, तिचं कोपर फळीवर आपटलं. तेवढ्यात गुंडूनं टेम्पो बंद केला. किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली आणि सावकाश खाली उतरला.

“हात सोडा तिचा. ती फळीवर हाय तवर माझी गाडी हालत न्हाय,” तो म्हणाला. “आनि मला तर तुम्ही तिकडं कर्नाटकात निप्पाणीचं भाडं ठरवलंय की. मलकापूर कुठनं आलं?”

गल्लीतली चार दारं उघडली. हंबीररावानं दारांकडं बघितलं, आत्तीचा हात सोडला, सोमवारी बघून घेतो म्हणाला आणि चालायला लागला. कोपऱ्यापर्यंत चालला, पुढं पळाला. गुंडूनं आणि हमालांनी मोटर उतरवून आत ठेवली. मंगळवारी चेक परत आला. ते खातं कधीच बंद झालं होतं. हंबीररावाचा नंबरही लागेना.

दुसरी जाहिरात मी महिन्याभरानं टाकली. मशीनचा फोटो, ‘कोल्हापूर’ आणि कॅफेचा नंबर. बाकी एक अक्षर नाही. या वेळी कुरुंदवाडहून चिमणाबाई आली. साठीची बाई, एसटीनं एकटी, रोख रक्कम पोटाशी बांधून. नोटाही खोट्या निघू शकतात, म्हणून बँकेतच पैसे भरायचे आणि खात्यात दिसल्यावरच मशीन, असं मी ठरवलं होतं. मी तिची रक्कम घेऊन बँकेत गेले. तिथं नोटा मोजायचं मशीन बंद पडलेलं, रांग दारापर्यंत. दोन तास गेले.

पासबुकावर आकडा छापून घेऊन मी पळत घरी आले. चिमणाबाई बाहेर पायरीवर बसली होती. मार्चचं ऊन तिच्या डोक्यावर आलं होतं, ओठ सुकले होते. दार आतून लावलेलं. आत घेतलं की विचारायचं संपलं, म्हणून आत्तीनं तिला आत घेतलं नव्हतं, पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी पासबुक दाखवलं. आत्तीनं आकडा दोनदा वाचला आणि आत धावली. तांब्या भरून, गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. “घ्या बाई, जेवायलाच थांबा आता, भाकरी टाकते,” ती म्हणाली.

“ऱ्हाऊ दे आता,” चिमणाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. “टेम्पो ठरवायचा हाय. मग एसटी चुकंल माझी.” आवाजात राग नव्हता. ती उठली आणि मी दाखवलेल्या गुंडूच्या घराकडं निघाली.

आत्ती तांब्या धरून पायरीवर उभी राहिली. मी पासबुक पुन्हा तिच्यापुढं धरलं, तिनं ते बाजूला सारलं.

“पैसं आलं, पवी,” ती म्हणाली. “पर माझ्या दारातनं बाई तान्हेली गेली.”