बेचाळिसावं कार्ड

देवाजी रामटेके यांच्या डाव्या हाताचा अंगठा उजव्यापेक्षा चपटा आहे. सीताबर्डीच्या मागल्या गल्लीतल्या एका छापखान्यात तेवीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवले. उजव्या हातानं खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचा आणि अंगठ्यानं दाबून धरायचा. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक बारीक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सरळ. बघायचीसुद्धा गरज नाही. देवाजी बोलता बोलता, चहा पिता पिता पान जुळवत, आणि उलटा खिळा त्यांच्या हातून कधी गेला नाही.

छापखाना बंद पडल्यावर ते हिंगण्याला एका खोक्यांच्या कारखान्यात लागले. खोक्यांवरची नावं बरोबर छापली आहेत की नाहीत, एवढंच बघायचं काम. कंपनीच्या बसनं जायचं, बसनं यायचं. तिथूनच निवृत्त झाले. आता वय अडुसष्ट. इंदोऱ्याला दोन खोल्या आणि पुढं पडवी असं घर, पत्नी सिंधूताई, बुटीबोरीला नोकरी करणारा मुलगा धम्मदीप आणि घरीच शिकवणी घेणारी सून प्रीती. पण छापखाना त्यांच्यातून गेला नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका शोधणार, मग तारीख बघणार.

दर विजयादशमीला मौद्याजवळच्या त्यांच्या गावाहून दीक्षाभूमीला एक बस येते. चाळीसेक माणसं, निम्मी म्हातारी. उतरायचं इंदोऱ्याच्या विहारात, आणि सोय बघायची देवाजींनी. त्या गर्दीत हात सुटला की माणूस सापडत नाही, म्हणून देवाजी प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवत. वर नाव, खाली गाव आणि त्याखाली 'चुकामूक झाल्यास फोन करा' असं लिहून देवाजींचा नंबर.

ही कार्डं ते घरीच छापत. रबराच्या सुट्या अक्षरांचा एक जुना संच त्यांच्याकडं होता. चिमट्यानं अक्षर उचलायचं, लाकडी ठशाच्या खोबणीत बसवायचं, शाईच्या गादीवर दाबायचं आणि उमटवायचं. सिंधूताई म्हणत, "यांचा छापखाना अजून सुरूच हाय."

गेल्या वर्षी देवाजींची मोठी बहीण तुळसाबाई गर्दीत चुकली. सकाळी दहाला हात सुटला आणि दुपारी तीनला ती स्वयंसेवकांच्या मांडवात सापडली. पाच तास. ती दिसली तेव्हा देवाजींना आनंद व्हायच्या ऐवजी राग आला.

"कार्ड गळ्यात हाय ना तुह्या? मंग दाखवलं काहून नाही कोणाले?"

"दाखवलं ना गा," तुळसाबाई म्हणाली. "त्या मांडवातल्या पोरीनं तीनदा फोन केला. दुसराच कोणी माणूस उचलून राहिला. राँग नंबर म्हणे."

"माह्या कार्डावर चूक? उभी जिंदगी प्रूफ वाचण्यात गेली माही. तूच काही तरी उलटंसुलटं सांगितलं असन. डोकं चालत नाही तं घरी राहावं माणसानं."

बसनं आलेली सगळी माणसं, तुळसाबाईची सूनसुद्धा, भोवती उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. तुळसाबाई पदर सावरून बसकडं चालू लागली. बसमध्ये बसताना देवाजींनी आणखी एक वाक्य टाकलं, "पुढच्या साली तू येऊ नको. माह्याच्यानं नाही होत."

तुळसाबाई छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वेळी, चार वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून ती त्या मैदानात गेली होती. तेव्हापासून तिची एकही विजयादशमी चुकली नव्हती. बाळंतपणातसुद्धा महिन्याचं पोर घेऊन आली होती. देवाजींचा तर तेव्हा जन्मही नव्हता.

यंदा विजयादशमीला तीन दिवस उरले असताना गावाहून अश्विननं मोबाइलवर यादी पाठवली. बसची सगळी जुळवाजुळव हा अश्विनच करतो. देवाजींनी नावं मोजली. एक्केचाळीस. पुन्हा वरून खाली वाचली, मग त्याला फोन लावला.

"अश्विन, तुळसाबाईचं नाव राहिलं वाटते."

"राहिलं नाही काका. त्या येत नाही म्हणे. म्हणते, देवानं मनाई केली, म्हंजे तुम्ही."

देवाजींनी फोन ठेवला. सिंधूताई तांदूळ निवडत होत्या. देवाजी त्यांच्यासमोरून उठून पडवीत गेले. दुपारचं जेवण त्यांनी अर्धंच केलं.

कार्डांचं काम समोर होतं. रबराची अक्षरं आता चिमट्यात धरवत नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दूरचं लख्ख दिसे, पण जवळचं बारीक अक्षर हलायचं. प्रीती म्हणाली, "बाबा, आपल्या प्रिंटरवर काढा ना. मी पोरांचे पेपर काढतेच की मोबाइलवरून. नावं तर मोबाइलमध्ये आलेलीच हायेत. पुन्हा कायले जुळवता?"

तिनं मोबाइलवर कार्डाचा नमुना करून दिला. एका कागदावर आठ कार्डं. नंबर तिनं तिच्याच मोबाइलमधून घेतला. नावं भरायचं काम देवाजींनी स्वतःकडं घेतलं. एका बोटानं, पडवीत बसून, दोन दिवस. प्रिंटर आतल्या खोलीत होता. त्याला आणि मोबाइलला जोडणारी तार कुठंच नाही, ही गोष्ट देवाजींना काही केल्या पटत नव्हती. शाई, कागद आणि अक्षर एकमेकांना टेकल्याशिवाय छपाई कशी होणार?

विजयादशमीच्या आदल्या दिवशी सकाळी नावं भरून झाली. प्रीती शिकवणीत होती. देवाजींनी तिनं दाखवलं होतं तसं केलं. वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट, मग 'प्रिंट', मग प्रिंटरचं नाव. आधी एकच पान, प्रूफ म्हणून. शेवटचं बटण दाबलं आणि कान दिला.

आतून काहीच आवाज आला नाही.

पुन्हा दाबलं. मग आत जाऊन प्रिंटरच्या शेजारी उभं राहून दाबलं. मग मोबाइल प्रिंटरच्या पाठीवर ठेवून तीनदा दाबलं. शिकवणीतली पोरं दारातून बघून हसायला लागली, तेव्हा प्रीती उठून आली.

"बाबा, तुम्ही काय करून राहिले? त्याची पाठ चोळता काय?"

"मी हुकूम देऊन राहिलो, हा ऐकत नाही."

तिनं मोबाइल हातात घेतला. "वाय-फाय बंद हाय तुमचं. काहून बंद केलं?"

"बॅटरी जाते ना. काम झालं की बंद करतो मी."

"अहो, प्रिंटर घरच्या वाय-फायवर हाय आणि तुमचा मोबाइल बाहेरच्या नेटवर. एका खोलीत राहून काय उपयोग? दोघं एका वाय-फायवर पाहिजेत, तेव्हाच एकाचं दुसऱ्याले कळते." तिनं वाय-फाय चालू केलं.

प्रिंटर घुरघुरला, जागा झाला आणि कागद ओढायला लागला. एक पान आलं. लगेच दुसरं. मग तिसरं. देवाजी हात जोडून म्हणाले, "बस झालं गा बाबा, बस झालं!" पण तो थांबला नाही. जितक्यांदा बटण दाबलं होतं तितकी, सहा पानं काढूनच तो गप्प झाला. सगळ्या सहांवर तीच आठ नावं. पोरांची हसून मुरकुंडी वळली.

देवाजींचं तिकडं लक्ष नव्हतं. ते पान उजेडात धरून बघत होते. काळी, ठळक, एका ओळीत बसलेली अक्षरं. कुठं शाई जास्त नाही, कुठं कमी नाही. त्यांनी अंगठा जिभेला लावून एका नावावर फिरवला. अक्षर थोडं फाकलं. "घामानं पसरन हे. वरून पारदर्शक पट्टी चिकटवा लागन," ते म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं. यंत्रात खोट सापडली होती.

शिकवणी सुटल्यावर ते प्रीतीला म्हणाले, "आता प्रूफ वाचू. गेल्या सालचं कार्ड हाय माह्याकडं. तू ते मोठ्यानं वाच, मी नव्यावर पाहतो. छापखान्यात असंच करत होतो. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पाहायचं. एकट्याचा डोळा फसवते."

जुनं कार्ड त्यांनी नमुना म्हणून पाकिटात जपून ठेवलं होतं. प्रीती वाचू लागली. गावाचं नाव झालं. 'चुकामूक झाल्यास फोन करा' झालं. मग ती नंबर वाचायला लागली. देवाजी नव्या कागदावर बोट पुढं सरकवत होते आणि प्रत्येक आकड्याला 'हं' म्हणत होते.

"एट, नाइन, नाइन," प्रीतीनं शेवट केला.

देवाजींचं बोट थांबलं. "एट, सिक्स, नाइन."

"इथं नाइन हाय बाबा."

"नीट पाहा वं."

"नीटच पाहून राहिली. हे घ्या."

त्यांनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं. नऊ होता. सहाच्या जागी स्वच्छ, ठसठशीत नऊ. रबराच्या संचात इंग्रजी सहा आणि नऊ हे एकच अक्षर. कसं बसवाल तसं उमटेल. आणि रबराला खाच नसते. अंगठ्याला सांगणारं त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. देवाजींनी बाकी प्रत्येक नाव दोनदा तपासलं होतं. स्वतःचा नंबर तेवढा तपासला नव्हता. तो तर पाठच होता.

गेल्या वर्षी चाळीस माणसं चुकीचा नंबर गळ्यात घालून फिरली होती. चुकली एकटी तुळसाबाई. म्हणून बोलणी तिनं खाल्ली.

देवाजी बराच वेळ कार्ड उलटंपालटं करत बसले. मग मोबाइल घेऊन पडवीच्या टोकाला गेले.

"बाई, मी देवा."

"बोल," तुळसाबाईचा आवाज कोरडा होता.

"गेल्या सालच्या कार्डावर नंबर चुकला होता. सहाचा नऊ झाला. मीच बसवला उलटा."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "म्हंजे सालभर मीच येडी?"

"नाही. मी."

"आता म्हणते. तवा काय म्हणला होता? डोकं चालत नाही म्हणला. सुनेसमोर म्हणला माह्या. तवापासून ती मले एकटीले दुकानात जाऊ देत नाही. पोरगा म्हणते, मायचं डोकं गेलं, मामाच म्हणते. तुह्या एका बोलण्यानं घरात बसवलं मले."

हे देवाजींना ठाऊक नव्हतं. ते खांबाला टेकले. "तू ये बाई उद्या. मी हात नाही सोडत तुहा."

"हाताचं राहू दे. हात तूच सोडला होता, चहा प्याले गेला होता. ज्या लोकाईसमोर मले बोलला, त्याईसमोर सांग. मंग पाहू." तिनं फोन ठेवला.

देवाजी आत आले आणि प्रीतीला म्हणाले, "कागदाच्या मागल्या बाजूले छापता येते काय?"

"येते. कागद पलटवून ठेवा लागते."

"मंग शुद्धिपत्र छापायचं हाय."

पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर छापखान्यात एक चिठ्ठी छापून आत चिकटवत. अमुक पानावर असं छापलं आहे, ते असं वाचावं. देवाजींनी अशी शेकडो जुळवली होती, सगळी दुसऱ्यांच्या चुकांची. हे त्यांनी एका बोटानं मोबाइलवर लिहिलं:

'शुद्धिपत्र. गेल्या वर्षीच्या कार्डावर माझा फोन नंबर चुकीचा छापला गेला. ती चूक माझी. तुळसाबाई यांनी कार्ड वेळेवर दाखवलं होतं आणि सांगितलेली गोष्ट खरी होती. मी त्यांना सर्वांसमोर बोललो, ते मागं घेतो. देवाजी रामटेके.'

प्रीतीनं ते वाचलं. "प्रत्येकाच्या कार्डामागं?"

"प्रत्येकाच्या. जितक्याईनं ऐकलं तितक्याईच्या गळ्यात."

पहिला कागद त्यांनी उलटा ठेवला आणि शुद्धिपत्र नावांवरच छापलं गेलं. दुसरा बरोबर ठेवला. तो आला तेव्हा त्यांनी त्याचा फोटो काढून अश्विनला पाठवला आणि फोन करून सांगितलं, "उद्या बसमध्ये सगळे बसले की हे मोठ्यानं वाचजो. पण त्याच्याआधी तुळसाबाईच्या घरी जा. तिच्या सुनेसमोर वाच. पोरगा असन तं त्याच्यासमोरबी."

दुपार तशीच गेली. पाच कागद दोन्ही बाजूंनी छापून झाले होते; सिंधूताई आणि प्रीती कार्डं कापून पट्ट्या चिकटवत होत्या. देवाजी दोरे ओवत होते आणि मधून मधून मोबाइलकडं बघत होते. पाचाच्या सुमारास तो वाजला.

"काय गा, शुद्धिपत्र कायले म्हणते?" तुळसाबाई विचारत होती. "त्या अश्विननं दोनदा वाचलं. सून म्हणे, आणखी एकदा वाचा. तिले विश्वासच बसत नव्हता, तू असं लिहिलं म्हणून."

"लिहिलं मीच."

"मालूम हाय. 'यांनी' म्हणला मले. जल्मात पहिल्यांदा." ती हसली. मग म्हणाली, "बस सकाळी सहाले निघते. माह्यासाठी खिडकीची जागा ठेवाले सांग त्याले. आणि देवा, माह्या कार्डामागं ते छापू नको. मले वाचाची गरज नाही. मी तं तेव्हाबी तेच सांगून राहिली होती."

"नाही छापत."

सहावा कागद देवाजींनी मुद्दाम मागं ठेवला होता, अजून तो मोबाइलमध्येच होता; त्यावर एकच नाव, बाकी सात घरं मोकळी. देवाजी पडवीतच बसले. दुसऱ्या घरात त्यांनी बहिणीचं पूर्ण नाव लिहिलं, खाली गाव. नंबर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत तपासला, आणि मग समोर बसलेल्या सिंधूताईंनाही वाचायला लावला. वाय-फाय चालू आहे ना ते पाहिलं आणि शेवटचं बटण एकदाच दाबलं.

आतल्या खोलीत प्रिंटर कागद ओढू लागला.